पाण्यातल्यांची ओळ

माझं आजोळ वर्षातून एकच महिना उघडं असायचं, वैशाखात. बाकीचे महिने ते पाण्याखाली.

हे मी कुणाला सांगितलं की समोरचा माझ्याकडे संशयाने बघतो. गावच्या नाटकात काम करणारा माणूस, रचून सांगत असणार. नाटकात मी काम करतो हे खरं आहे. आमच्या अंजूरच्या रंगमंचावर मी राजा झालोय, दरोडेखोर झालोय, आणि एकदा नटी रुसून बसली म्हणून ऐनवेळी मिशी काढून राणीसुद्धा झालोय. पण आजोळ पाण्याखाली आहे ही गोष्ट मला रचावी लागली नाही. ती सरकारने रचली.

भिवंडीच्या आतल्या अंगाला, टेकड्यांच्या खोलगटात एक तलाव आहे. शेतीला पाणी मिळावं म्हणून मातीची भिंत घालून अडवलेला. भिंत घातली तेव्हा तिच्या मागे आईचा पाडा होता. आईची पाठवणी जुन्या घराच्या उंबऱ्यावरून झाली. धाकट्या मावशीचं लग्न ठरेपर्यंत त्या घरात मासे राहायला आले होते. तिला वरच्या नव्या वस्तीतल्या पत्र्याच्या खोलीतून सासरी धाडली. दोघी बहिणी अंजूरलाच दिल्या. आई समाधानाने सासरी गेली, मावशी मात्र आजही म्हणते, "माजी पाठवनी झालीच न्हाय. पत्र्यातून कुनी पाठवनी करतं व्हय?"

यावर तिने तोडगा काढला होता. दर वैशाखात ती माहेरी जायची. खरोखरच्या, मूळ माहेरी.

ते जमायचं कसं, तर भात कापून झालं की खालच्या गावांतले लोक भिंतीपाशी जमायचे, तिच्या पोटातल्या मोरीचं दार उघडलं जायचं आणि पाणी पाटाने खाली शेतांत जायचं. खाली भेंडी, गवार, उन्हाळी भात. खालची शेतं भिजायची तसतशी वरची बुडालेली शेतं कोरडी पडत जायची. आधी उंचावरची, मग खालची. वर्षभर पाण्याखाली गाळ खाऊन ती अशी माजलेली असायची की नांगर लागत नसे. बोटाने भोक पाडायचं, बी टाकायचं, पुढे जमिनीतली ओलच काय ते बघून घेते. याला गाळपेर म्हणतात. पाड्यातल्या बुडालेल्या घरांना आपापल्या जुन्या जागेत गाळपेर करायची मुभा होती, आणि पाण्याखालून बांध वर आले की कुणाचं शेत कुठलं हे सांगायला कुणी लागत नसे.

पहिलं वर यायचं ते मामाचं शेत. मामा म्हणजे आईचा सख्खा भाऊ नव्हे. आजोबांना दोन मुलीच. मामा शेजारच्या घरातला, मावशीहून थोडा मोठा. ती त्याला दादा म्हणते म्हणून तो आमचा मामा. आणि सगळ्यात शेवटी, उन्हाने टेकड्या भाजून निघाल्यावर, तलावाच्या पार तळाशी उघडं पडायचं आमचं शेत आणि त्याच्या कडेला घराचं जोतं, त्यावर दगडी उंबरा.

आता यात अन्याय आहे हे तुमच्या लक्षात आलंच असेल. वरचा माणूस फाल्गुनात पेरणार आणि खोलगटातला वैशाखापर्यंत पाण्याकडे बघत बसणार. म्हणून पाड्याची एक रीत होती. ज्याचं शेत आधी वर येईल त्याने आपल्या शेतात एक ओळ दुसऱ्यांसाठी सोडायची. तिचं नावच होतं, पाण्यातल्यांची ओळ. ज्याचं शेत अजून पाण्यात आहे त्याने येऊन तिथे आपलं बी लावायचं, आणि स्वतःचं शेत उघडं पडलं की तिकडे उतरायचं. आमचं शेत सगळ्यांत खोल, तेव्हा ही ओळ बहुतेक वेळा मावशीच्याच वाट्याला.

"आली माझ्या शेताची जळू," मामा तिला लांबून बघूनच ओरडायचा.

"रगत तरी हाय का तुझ्या शेतात?" मावशी तितक्याच लांबून.

ती काकडी लावायची. बुटकी, फिक्या हिरव्या रंगाची, पाठीवर पांढऱ्या रेघा असलेली काकडी. बी तिच्या आईचं, वाळक्या दुधीच्या पोटात राखेत ठेवलेलं. वैशाखात उंबऱ्यावर बसून ती एक काकडी खायची आणि बाकीच्या पाटीत भरून अंजूरला आणायची. आळीत घराघरांतून वाटायची. "माहेरचा वानोळा हाय," असं सांगत. कुणाच्या माहेराहून करंज्या येत, कुणाच्या माहेराहून फणस. मावशीचा वानोळा तलावातून यायचा, आणि त्याचा तोरा असा की फणसवालीने मान खाली घालावी.

मग गोदामं आली.

ती मानकोलीच्या नाक्याकडून आली म्हणतात. मला तर ती एका पावसाळ्यात उगवल्यासारखी आठवतात. भाताची खाचरं भरावाखाली गेली, भरावावर पत्रे चढले, पत्र्यांखाली अख्ख्या देशाचे टीव्ही, बूट आणि बिस्किटं येऊन पडली. मी नाक मुरडत नाही. माझी भाकरी तिथलीच. वळ गावातल्या एका गोदामात मी सुपरवायझर आहे आणि मी उभा राहतो त्या फरशीखाली कुणाचं तरी खाचर आहे, हे विसरायला मला फार वेळ लागला नाही.

पण एक गोष्ट कुणाच्याच डोक्यात आली नव्हती. खाली शेतं उरली नाहीत, म्हणजे पाणी मागायला कुणी येईना. कुणी मागेना म्हणून मोरी उघडेना. मोरी उघडेना म्हणून तलाव उतरेना. वर ऊनही आता भलतंच पडतं. होळीलाच वैशाखाची काहिली, आणि खऱ्या वैशाखात आभाळ भरून येऊन धो-धो. ऊन पिईल तेवढं आणि टँकर उपसतील तेवढंच पाणी कमी व्हायचं, तेही एखाद्या अवकाळीत भरून निघायचं. मामाच्या शेतातसुद्धा नुसता चिखल. आमच्या उंबऱ्याचं तर नावच नको. पाण्याअभावी गावं उजाड झाल्याचं सगळे सांगतात. आमचं आजोळ पाणी शिल्लक राहिलं म्हणून गेलं.

त्यात बातमी आली की नव्या चाळी आणि इमारतींना पाणी पुरवायचं म्हणून तलावाचा सांडवा उंच करणार. जास्तीचं पाणी वाहून जातं ती वाटच वर चढवणार. पुढच्या पावसाळ्यापासून मामाचं शेतही कायमचं बुडणार.

माघात मावशीचा फोन आला. आमची घरं एकाच आळीत आहेत, पण भांडायचं असेल तर ती फोन करते.

"जिता हायस का रं?"

"आहे, मावशी."

"सांडव्याचं कललं का?"

"कळलं."

"म्हंजे यंदा न्हाय तर कदीच न्हाय. मला एकदा जाऊन काकडी लावायची हाय. बी म्हातारं झालंय, आता आनखी एक साल थांबनार न्हाय."

"बी, का तू?"

"दोगी पन, मेल्या. हसतोस काय? राजाचं सोंग घेऊन गावाला न्याय देतोस, मावशीचं एवढं काम कर."

आता सांगा, असं कुणी म्हटल्यावर माझ्यासारखा माणूस गप्प बसेल?

मी वरच्या वस्तीत मामाकडे गेलो. त्याने नियम सांगितला. पाटाखालच्या शेतकऱ्यांनी पाणी मागितलं तर पाटबंधारे खात्याचा साहेब मोरी उघडायला सांगतो. इतकंच. फक्त पाटाखाली शेतकरी उरले नव्हते.

"त्यात काय," मी म्हटलं, "शेतकरी मी आणतो."

मामाने बिडी विझवली. "तुझ्या नाटकातले?"

"गोदामातले."

माझ्या हाताखालची लोडिंगची पोरं यूपीच्या पूर्वांचलातली. खांद्यावरून गोण्या वाहणारी, पण घरी सगळ्यांची शेती. मी म्हटलं, यांच्याइतके अस्सल शेतकरी आता अख्ख्या तालुक्यात मिळायचे नाहीत. सुट्टीच्या दिवशी त्यांना टेम्पोत घातलं आणि वाटेत तालीम घेतली. साहेबाने विचारलं की म्हणायचं, शेती आहे, पाणी पाहिजे. बस. जास्त बोलायचं नाही. डोक्याला फडकी बांधून घ्यायची त्यांची फार इच्छा होती, ती मी मोडून काढली. फडकं बांधलं की नट वाटतो माणूस.

साहेब मोटारसायकलवरून भिंतीवर आले. तरुण होते, घाटावरचे असावेत, बोलणं मऊ. मी पुढे होऊन भाषण ठोकलं. बळिराजा, घसा कोरडा, वगैरे. मामा मागे उभा राहून खोकत होता. ते हसू दाबण्याचं खोकणं होतं. मावशी दगडावर बसली होती, मांडीवर दुधी.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "पीक काय आहे?" आणि ते नेमके आमच्यातल्या सगळ्यात उत्साही पोराकडे वळले. "तुमच्या शेतात काय आहे?"

"गेहूँ, साहब," पोरगा छाती काढून म्हणाला. "बाली निकल आई है. बस आखिरी एक पानी लग जाए तो दाना भर जाएगा."

साहेबांनी एकदा खालच्या बाजूला नजर टाकली. क्षितिजापर्यंत निळे पत्रे.

"इथे गहू?"

"जी साहब. और मेड़ पे सरसों भी है," दुसऱ्याने बांधावरच्या मोहरीचीही भर घातली. त्याचा आवाज अगदी भरून आला होता. तो खोटं बोलत नव्हता हो. त्याला आपलं शेत दिसत होतं, फक्त ते दोन दिवसांच्या रेल्वेच्या वाटेवर होतं.

मी आभाळाकडे बघायला लागलो. रंगमंचावर वाक्य विसरलो की मी तेच करतो.

तेवढ्यात मावशी दगडावरून उठली. "सायेब, ही सगली खोटी हायती. हा माजा भाचा, लबाड. हितं शेतबित काय न्हाय."

"मग पाणी कशाला हवंय, आजी?"

"पानी कुनाला पायजे? पानी घेऊन जावा तुमी. मला खालची जागा पायजे." तिने तलावाच्या मध्याकडे बोट केलं. "तितं माजं माहेर हाय."

साहेबांनी तिच्या हातातल्या दुधीकडे पाहिलं, आत काय आहे विचारलं, तिने बी दाखवलं. मग ते मोरीकडे चालत गेले, गंजलेल्या चाकावर हात ठेवून उभे राहिले.

"ही बरीच वर्षं उघडलेली नाही," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "सांडव्याचं काम सुरू होण्याआधी चालते की नाही ते बघावंच लागणार होतं. आजच बघू."

"किती दिवस उघडी ठेवाल?" मी विचारलं.

"तक्रार येईपर्यंत."

मामाने नारळ फोडला. चाक हलेना, तेव्हा माझे गव्हाचे शेतकरी सरसावले. "हइशा! जोर लगा के!" दाराने एक असा आवाज काढला की पलीकडच्या झाडावरचे बगळे उडाले, आणि मग पाटात पाणी पडलं. मावशी पाटाच्या कडेने थोडी त्याच्या बरोबर चालली, लेकराला शाळेत पोचवायला जावं तशी. "जा, जा," म्हणत होती, "मागं बगू नको."

पुढचं जे झालं ते आम्हालाच सुचू शकतं. आमचा सगळा पाडा पाटाच्या वरच्या तोंडाचा. पाणी इथून गेलं की आमचं काम संपलं, पिढ्यान् पिढ्या. ते जातं कुठे याची काळजी खालच्यांनी करायची. मी स्वतः रोज गोदामात उभा राहतो, साहेबांनी भिंतीवरून निळे पत्रे पाहिले होते, पण पाटाच्या शेवटाला आता काय आहे हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नाही.

पहिले दोन-तीन दिवस पाटातल्या गवताने आणि भेगांनी पाणी पिऊन टाकलं. मावशी रोज विचारी, "उतरलं का?" मामा काठी रोवून बघे आणि सांगे, "उतरतंय." मग एका सकाळी पाणी पाटाचं शेवटचं वळण घेऊन थेट ट्रकच्या तळात शिरलं. जिथे पूर्वी पाट शेतांत फुटायचा तिथेच आता ट्रक उभे राहतात. मी बातमी कळताच रिक्षा करून धावलो. वाटेतच माझी भाषणं तयार होती. पण तिथे पोचलो तर वेगळाच सोहळा. टायर बुडतील एवढं स्वच्छ पाणी, आणि ड्रायव्हर मंडळी चड्डीवर, अंगाला साबण, एकमेकांवर बादल्या ओतत. एक जण ट्रकची काच धूत गात होता. एकाने मला विचारलं, "भाईसाब, ये रोज आएगा क्या?"

नाही आलं. तक्रार झाली, आणि संध्याकाळच्या आत मोरी बंद.

दुसऱ्या दिवशी मी मावशीला घेऊन तलावावर गेलो. पाणी खरंच उतरलं होतं. मामाच्या शेताचा वरचा अर्धा भाग काळाभोर, चकचकीत वर आला होता, जुन्या बांधाचा दगडसुद्धा दिसत होता. पण त्याच्यापुढे पाणी होतं तसंच, लांबवर, आणि त्यात आमचं सगळं.

मावशी काठावर उभी राहिली. "तितं चूल," ती हात लांब करून म्हणाली. "तितं जातं. आन् तितं उंबरा."

"डाव्या अंगाला," मामा म्हणाला.

"माजं घर मला शिकवतोस?"

"तुझं घर माझ्या दारातून दिसायचं. डाव्या अंगाला म्हन्तो ना."

"डाव्या अंगाला गोठा होता, दादा. तुझी म्हातारी तितं शेन मागायला यायची. इसरलास?"

दोघं बराच वेळ भांडले. समोर पाण्याशिवाय काही नव्हतं, आणि दोघांचे हात हवेत भिंती उभ्या करत होते. मी इतकी नाटकं केली, नेपथ्य नसलेलं असं घर पाहिलं नाही. मीही शोधत होतो. लहानपणी त्या उंबऱ्यावर बसून मी काकडीला मीठ लावलं होतं. दगड मांडीला पोळत असे. मला डावं-उजवं काहीच सांगता येईना.

मग मामा शेतात उतरला आणि टाचेने चिखलात एक रेघ ओढत गेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"ही घे तुझी ओळ."

मावशी हलली नाही. "मला न्हाय पायजे. ओळ कुनाला द्यायची? ज्याचं शेत मागून वर येनार त्याला. माजं काय येनार न्हाय आता."

"पान्यात हायस का न्हाईस?"

"हाय."

"मंग ओळ तुझीच. रीत मी लावली न्हाय, मोडनार पन न्हाय. उतर खाली, जळू."

तिने पदर खोचला. दुधीतली राख तळहातावर घेऊन बिया वेचल्या आणि वाकून बोटाने एकेक भोक पाडत गेली. मामाकडे स्वतःचं बी नव्हतं. मुलगा कुरिअरच्या गाडीवर, सून शाळेत नोकरीला, बी कोण ठेवतं? म्हणून त्या अर्ध्या शेतात त्या साली फक्त पाण्यातल्यांची ओळ उगवली, मालकाचं काहीच नाही. बी म्हातारं होतं, निम्मं उगवलंच नाही. जे उगवलं त्याचे वेल मामाने सांभाळले. मावशी रोज फोन करून त्याला शिव्या द्यायची, तो रोज फोन उचलायचा.

वैशाख लागला आणि आभाळ भरून आलं. पूर्वी हा पाऊस यायला अजून अवकाश असे. सलग पडला. काकड्या अजून बोटभरच्या, काही जरा मोठ्या. तिसऱ्या दिवशी मामाचाच फोन आला मला. "पानी ओळीला लागलंय. तिला घेऊन ये."

आम्ही पोचलो तेव्हा मामा गुडघाभर पाण्यात वाकून हाताने चाचपडत काकड्या तोडत होता. वेल पाण्यात तरंगत होते, फुलं वर. मावशीला चिखलात उतरू दिलं नाही. ती छत्री धरून काठावर उभी राहिली, आणि तो एकेक काकडी धुऊन तिच्या पाटीत टाकत गेला. शेवटी कमरेवर हात ठेवून सरळ झाला.

"एवढंच हाय," तो म्हणाला. "सासरी सांग, माहेरची मानसं गरीब हायती."

मावशीने पाटी उचलून डोक्यावर घेतली. मला घेऊ दिली नाही. बांधापाशी येऊन ती मागे वळली, पाण्याकडे बघत उभी राहिली. पाऊस इतका होता की पलीकडचा किनारासुद्धा दिसत नव्हता.

"दादा, येते रं," ती म्हणाली.

"ये," मामा म्हणाला. आणि पाण्यातच उभा राहिला, आम्ही वळणापलीकडे जाईपर्यंत.

आळीत त्या संध्याकाळी वानोळा वाटला गेला. दोन घरांत एक काकडी, अर्धी अर्धी करून. कुणी विचारलं, इतक्या बारक्या? तर मावशी म्हणाली, "माहेराहून घाईत निघाले."

एक तेवढी बरी पिकलेली तिने बियाण्यासाठी मागे ठेवली होती. दोन दिवसांनी मी तिच्याकडे गेलो तर स्वयंपाकघरात सुनेचा आवाज चढलेला. नवीन घर, भिंतींना आत्ताच गुलाबी रंग दिलेला, आणि त्या गुलाबी भिंतीवर, खिडकीच्या शेजारी, मावशीने राखेत कालवलेलं बी जुन्या पद्धतीने हाताने थापलं होतं. पाच बोटांसकट पंजा उठला होता.

"आई, रंगाची काय दशा केलीत! आणि हे लावणार कुठे तुम्ही?"

मावशी ओटा पुसत होती. "मी कुटं लावनार? वाळू दे आदी."

मी खुर्ची ओढून त्या भिंतीसमोर बसलो. सून माझ्याकडे बघत होती, मी काहीतरी विनोद करून तिला हसवेन म्हणून. मी बसूनच राहिलो. बाहेर पाऊस थांबला नव्हता.